सायकलस्वाराचा गॉगल: कमी खर्चात योग्य निवड

सायकल चालवताना वापरायच्या गॉगलला चार कामे करावी लागतात: सूर्याचे अतिनील किरण अडवणे, डोळे दिपवणारा उजेड कमी करणे, धूळ, किडे आणि उडणारे खडे यांपासून डोळा वाचवणे, आणि वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येऊ न देणे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात या चारही कामांची गरज वर्षभर पडते; मात्र एका वेळी चारही सारखी महत्त्वाची नसतात. पहाटे येऊर चढणाऱ्याला दाट झाडीत नीट दिसणे महत्त्वाचे, घोडबंदर रस्त्यावरून जाणाऱ्याला धुळीपासून बचाव महत्त्वाचा, आणि माळशेज घाटातून भर दुपारी कल्याणकडे परतणाऱ्याला ऊन. म्हणून गॉगल निवडताना किंमत किंवा नाव यांच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: सायकल कोणत्या वेळी चालवायची आणि कोणत्या रस्त्यावर.

ऊन किती आणि केव्हा

सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन भाग पडतात. १०० ते २८० नॅनोमीटरचे यूव्ही-सी किरण वातावरणातच शोषले जातात आणि जमिनीपर्यंत येत नाहीत. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्ही-बी आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्ही-ए मात्र पोहोचतात. वर्षानुवर्षे संरक्षणाविना ऊन झेलणाऱ्या डोळ्यांत मोतीबिंदूचा धोका वाढतो. टेरिजियम, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ, हीदेखील उन्हात आणि धुळीत राबणाऱ्यांमध्ये अधिक आढळते. लहान मुलांचे नेत्रभिंग मोठ्यांपेक्षा जास्त पारदर्शक असल्याने त्यांच्या डोळ्यांत हे किरण अधिक खोलवर जातात.

किरणांची तीव्रता यूव्ही निर्देशांकाने मोजतात. हा आकडा ३ किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षण घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ८ ते १० म्हणजे अतितीव्र आणि ११ व त्यापुढे टोकाची पातळी. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी हा निर्देशांक ११ च्या पुढे जातो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि ठाणे ७३ अंशांच्या आसपास, म्हणून येथे मध्यान्ह घड्याळात बाराला न होता साडेबाराच्या सुमारास होते. सकाळी साडेदहा ते दुपारी तीन हा काळ सर्वांत कडक.

याचा अर्थ असा की पहाटे साडेपाचला निघून साडेआठपर्यंत घरी परतणाऱ्याला अतिनील किरणांचा त्रास तुलनेने कमी. त्याच्या डोळ्यांना धोका मुख्यतः वारा, धूळ आणि समोरून येणाऱ्या तिरप्या उन्हाचा. नऊनंतर रस्त्यावर असणाऱ्याचे गणित वेगळे. पावसाळ्यातही गाफील राहता येत नाही. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग, ८० टक्क्यांपर्यंतही, खाली येतो.

गडद काच म्हणजे सुरक्षित काच नव्हे

काच जितकी काळी तितके संरक्षण जास्त, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. रंग फक्त दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरण अडवण्याचे काम काचेच्या मूळ द्रव्याचे किंवा त्यात मिसळलेल्या रसायनाचे असते, आणि ते रसायन रंगहीन असू शकते. म्हणूनच पूर्ण पारदर्शक काच अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवू शकते, आणि एखादी काळीकुट्ट काच ते आत सोडू शकते.

दुसरा प्रकार अधिक घातक. काळोख झाला की डोळ्याची बाहुली रुंदावते. गडद पण संरक्षण नसलेल्या काचेमागे ती रुंदावलेली राहते, डोळे किलकिले करणेही कमी होते आणि अतिनील किरणांना आत शिरायला मोठी वाट मिळते. असा गॉगल घालण्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी, टोपीच्या सावलीत सायकल चालवलेली बरी.

‘यूव्ही ४००’ या खुणेचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे यूव्ही-ए आणि यूव्ही-बी दोन्ही, किरण अडवले जातात, असा. खरेदीतली ही पहिली अट. ‘यूव्ही प्रोटेक्शन’ एवढाच मजकूर पुरेसा नाही, कारण किती आणि कुठपर्यंत ते त्यातून कळत नाही.

काच कशाची असावी

सायकलच्या गॉगलसाठी पॉलिकार्बोनेट हे सर्वांत योग्य द्रव्य. १९५३ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत आणि जवळपास त्याच सुमारास अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये ते स्वतंत्रपणे तयार झाले. वीस लिटरचे पाण्याचे जार आणि छपराचे पारदर्शक पत्रे याच प्लास्टिकचे बनतात. ते आपटले तरी सहसा फुटून तुकडे होत नाहीत, खऱ्या काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असते, आणि मुळातच अतिनील किरणांचा बहुतेक भाग शोषून घेते. त्याचा दोष एवढाच की ते मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर पडतात. म्हणून त्यावर कठीण थराचा लेप असणे गरजेचे.

चष्म्याच्या दुकानांत ‘सीआर-३९’ नावाचे प्लास्टिकही मिळते. त्यातून दृश्य अधिक स्वच्छ दिसते, पण आघात सोसण्याची ताकद पॉलिकार्बोनेटपेक्षा कमी. अ‍ॅक्रिलिकची काच स्वस्त असते, पण तडकते. खऱ्या काचेच्या भिंगाचा गॉगल सायकलवर वापरूच नये. पडल्यावर तुकडे डोळ्यांत जाण्याचा धोका असतो.

आघाताची ताकद मोजण्याचे नियम कारखान्यांतल्या सुरक्षा-चष्म्यांसाठी फार पूर्वीपासून आहेत. युरोपच्या ‘ईएन १६६’ मानकात ‘एफ’ दर्जाच्या चष्म्यावर ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६२ किलोमीटर वेगाने आदळवतात आणि चष्मा टिकावा लागतो. अमेरिकी मानकाची ‘झेड ८७+’ ही खूणही जवळपास अशाच कसोटीची. डोंबिवली एमआयडीसी किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या परिसरात औद्योगिक सुरक्षा साहित्य विकणाऱ्या दुकानांत असे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे चष्मे दीडशे ते तीनशे रुपयांच्या घरात मिळतात. पहाटे आणि संध्याकाळी सायकल चालवणाऱ्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि भक्कम संरक्षण नाही. दिसायला ते साधे असतात आणि काहींत घामाने काच धूसर होते, एवढीच अडचण.

किती गडद

गॉगलमधून किती उजेड आत येतो, त्यावरून ‘आयएसओ १२३१२-१’ या आंतरराष्ट्रीय मानकाने पाच श्रेणी ठरवल्या आहेत. श्रेणी ० मध्ये ८० टक्क्यांहून अधिक उजेड येतो, श्रेणी १ मध्ये ४३ ते ८० टक्के, श्रेणी २ मध्ये १८ ते ४३, श्रेणी ३ मध्ये ८ ते १८ आणि श्रेणी ४ मध्ये केवळ ३ ते ८ टक्के. शेवटची श्रेणी बर्फाच्छादित शिखरांसाठी. ती घालून कोणतेही वाहन चालवू नये असा मानकाचाच दंडक आहे.

ठाणे-कल्याणच्या भर उन्हात श्रेणी ३ चालते. सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि ढगाळ दिवशी श्रेणी १ किंवा २ योग्य. सूर्य मावळल्यावर श्रेणी ० शिवाय दुसरे काही नको. डिकॅथलॉनसारख्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत गॉगलवरच श्रेणीचा आकडा छापलेला असतो. तो पाहूनच निवड करावी.

रंग, पोलराइज्ड आणि रंग बदलणारी काच

राखाडी काच सर्व रंग सारख्या प्रमाणात मंद करते, म्हणून सिग्नलचे आणि गाड्यांच्या दिव्यांचे रंग खरे दिसतात. तपकिरी किंवा अंबर काच निळसर उजेड कमी करते. त्यामुळे खड्ड्याची कड, वाळूचा पट्टा, डांबराची ठिगळे अधिक उठून दिसतात. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हा गुण मोलाचा. पिवळी काच ढगाळ सकाळी दृश्य उजळल्यासारखे करते, पण रात्री समोरच्या दिव्यांची तिरीप ती घालवत नाही. निळ्या आणि गुलाबी काचा फॅशनसाठी ठीक, रस्त्यासाठी नको. आरशासारखा लेप थोडा उजेड परतवतो, पण त्यामुळे अतिनील संरक्षण वाढत नाही.

पोलराइज्ड काच सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चकाकी अडवते. १९२९ मध्ये अमेरिकेच्या एडविन लँड यांनी अशा पातळ पापुद्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे त्यातूनच पोलराइज्ड गॉगल आले. ऐरोलीहून ठाणे खाडीतले रोहित पक्षी पाहायला बोटीने जाताना, बारवी धरणाच्या काठी, किंवा कोकणच्या किनाऱ्यावर ती फार उपयोगी. सायकलवर मात्र तिचे दोन तोटे आहेत. ओल्या रस्त्यावरची तेलाची तवंगी चमक ती झाकू शकते, आणि तीच चमक घसरण्याचा इशारा असते. शिवाय मोबाइलचा किंवा सायकल-संगणकाचा पडदा काही कोनांतून काळा दिसतो. पोलराइज्ड असणे आणि अतिनील संरक्षण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

फोटोक्रोमिक काच उन्हात गडद आणि सावलीत फिकट होते. एकाच काचेत पहाट आणि सकाळ भागते, हा तिचा मोठा फायदा. पण ती गडद व्हायला जितका वेळ घेते त्याहून जास्त वेळ फिकट व्हायला घेते. उन्हातून एकदम बोगद्यात किंवा दाट झाडीत शिरल्यावर काही क्षण अंधारल्यासारखे होते. तसेच उष्ण हवेत ती थंड हवेइतकी गडद होत नाही. मे महिन्यातल्या मुरबाड रस्त्यावर हा फरक जाणवतो. किंमतही साध्या काचेपेक्षा बरीच जास्त.

रस्ता पाहून काच

येऊरचा रस्ता उपवनाकडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात चढतो. झाडीत ऊन आणि सावली सतत आलटून-पालटून येते. उतारावर वेग असताना सावलीतला खड्डा दिसायला हवा. येथे पारदर्शक, पिवळी किंवा श्रेणी १ ची तपकिरी काच बरी. श्रेणी ३ ची काच येथे धोक्याची.

घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे काम, अवजड वाहने आणि त्यांनी उडवलेली बारीक वाळू यांमुळे डोळ्यांचा मुख्य शत्रू धूळ. चेहऱ्याला कडेनेही वेढणारा गॉगल येथे हवा. सकाळी माजिवड्याहून गायमुखाकडे जाताना ऊन पाठीमागे असते, परतताना ते समोर येते. त्यामुळे निघताना गरज वाटली नाही तरी परतीसाठी रंगीत काच सोबत असावी.

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता पूर्वेकडे जातो. पहाटे निघालेल्याच्या डोळ्यांत उगवता सूर्य थेट येतो, आणि रस्त्यावरचे खड्डे त्या झगझगाटात बुडून जातात. येथे श्रेणी २ ची तपकिरी काच आणि हेल्मेटखाली छोट्या झापेची सायकल-टोपी ही जोडी उत्तम. माळशेज घाटापर्यंत, म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर, जाऊन परतणाऱ्याला दुपार गाठतेच. त्याने श्रेणी ३ ची काच जवळ ठेवावी. कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी शीळफाट्याकडे जाताना मावळते ऊन समोर, आणि अर्ध्या तासात अंधार. अशा वेळी काच बदलण्याची सोय नसेल, तर पारदर्शकच घालून निघावे.

मलंगगड किंवा गोरखगड चढणाऱ्या ट्रेकरला वेगाचा वारा लागत नाही, पण उघड्या कातळावर ऊन अधिक लागते. त्याला श्रेणी ३ आणि गळ्यात अडकवायची दोरी पुरते. धावणाऱ्यांसाठी वजनाने हलका आणि नाकावर न घसरणारा गॉगल ही मुख्य अट.

चेहऱ्यावर बसतो कसा

कितीही चांगली काच असली तरी गॉगल कडेने उघडा असेल तर वारा, धूळ आणि तिरपे किरण आत येतात. गॉगलची वरची कड भुवयांजवळ आणि बाजू गालांजवळ यावी. मात्र पापण्या काचेला घासू नयेत आणि हसताना गालांमुळे फ्रेम वर उचलली जाऊ नये. सायकलवर मान खाली आणि नजर वर असते. त्यामुळे फ्रेमची वरची कडा दृष्टीच्या आड येते का, ते दुकानात पुढे वाकून पाहावे.

ठाण्याच्या दमट हवेत घाम हा दुसरा प्रश्न. नाकाच्या आधाराला आणि काड्यांच्या टोकांना रबर असेल तर घामानेही गॉगल घसरत नाही. नाकाचा आधार वाकवता येत असेल तर उत्तम. वजन ३० ग्रॅमच्या आसपास असावे. काचेच्या कडेला हवेची छिद्रे असतील तर सिग्नलला थांबल्यावर काच धूसर होणे कमी होते; चेहऱ्याची उष्ण, दमट हवा अडकून राहिली की काचेवर बाष्प साचते.

गॉगल हेल्मेटसह घालून पाहावा, तेव्हाच खरी पारख होते. काड्या हेल्मेटच्या मागच्या पट्टीला अडू नयेत. काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या बाहेरून ठेवाव्यात. पडल्यास गॉगल सुटून बाजूला जातो आणि काढणे-घालणेही सोपे होते.

नंबर असणाऱ्यांसाठी

चष्म्याचा नंबर असणाऱ्यांपुढे चार मार्ग आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरून वर साधा खेळाचा गॉगल घालणे हा सर्वांत सोयीचा, पण धुळीत लेन्स वापरताना स्वच्छता काटेकोर हवी. दुसरा मार्ग, गॉगलच्या आत बसणारी नंबरची छोटी फ्रेम. ती काही खेळाच्या गॉगलना मिळते. तिसरा, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा साधा नंबरचा चष्मा, थोडी वळणदार फ्रेम निवडून. चौथा, चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल. फार वळणाच्या फ्रेममध्ये मोठा नंबर बसवला तर कडेचे दृश्य वाकडे दिसते, म्हणून अशी मागणी करण्याआधी चष्मेवाल्याचा सल्ला घ्यावा.

दुकानात घ्यायच्या चाचण्या

पहिली चाचणी सरळ रेषेची. गॉगल हातभर लांब धरून त्यातून खिडकीच्या गजाकडे पाहावे आणि गॉगल हळूहळू वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकवावा. गज वाकडा किंवा हलल्यासारखा दिसला तर काच सदोष. अशा काचेने तासाभरात डोके दुखते.

दुसरी चाचणी पोलराइज्ड असण्याची. मोबाइलच्या पडद्यासमोर काच धरून ती काटकोनात फिरवावी. काच खरोखर पोलराइज्ड असेल तर एका स्थितीत पडदा बराच काळवंडतो.

तिसरी चाचणी अतिनील संरक्षणाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत हे मोजण्याचे छोटे यंत्र असते. गॉगल दुसरीकडून घेतला असला तरी विनंती केल्यास तपासून देतात. घरी यूव्ही टॉर्चने नोटेवरचे चमकणारे धागे पाहण्याची युक्ती लोकप्रिय आहे: काच मध्ये धरल्यावर चमक गेली तर काच किरण अडवते. ही चाचणी ढोबळ आहे. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड देतात, आणि त्यावरून खालच्या तरंगलांबीचा निष्कर्ष निघत नाही. शंका असेल तर यंत्रच विश्वासाचे.

‘यूव्ही ४००’ चे स्टिकर कोणीही छापू शकते. युरोपात विक्रीसाठी लागणारे ‘सीई’ चिन्हही गॉगलच्या बाबतीत उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. म्हणून स्टेशनबाहेरच्या पथारीवरचा गॉगल नाकारण्याचे कारण त्याची किंमत नसून तपासणीचा अभाव आहे. तपासून ठीक निघाला, तर शंभर रुपयांचा गॉगलही डोळ्यांचे रक्षण करतो.

पैसे कशावर खर्च करावेत

खेळाच्या महाग गॉगलची परंपरा १९८० च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेच्या ओकले कंपनीने १९८४ मध्ये चेहऱ्याला वेढणारा गॉगल सायकलस्वारांसाठी आणला, ग्रेग लेमाँडसारख्या शर्यतपटूंनी तो वापरला आणि त्याचे रूप जगभर रुजले. आज त्याच आकाराचे, त्याच पॉलिकार्बोनेटचे गॉगल पाचशे ते पंधराशे रुपयांत मिळतात. महाग गॉगलमध्ये जास्त स्वच्छ दृश्य, टिकाऊ लेप, घट्ट बसणारी चौकट आणि सुटे भाग मिळण्याची सोय असते. या गोष्टी खऱ्या आहेत. पण अतिनील किरण आणि आघात यांपासूनचे मूळ संरक्षण स्वस्तातही पूर्ण मिळते.

कमी खर्चात सर्वांत जास्त उपयोग देतो तो काचा बदलता येणारा गॉगल: एक पारदर्शक किंवा पिवळी, एक श्रेणी ३ ची राखाडी किंवा तपकिरी. घेताना काच दोन-तीनदा काढून-बसवून पाहावी. फ्रेमची खाच ढिली असेल तर खड्ड्यात काच निसटते. खर्च कमीच ठेवायचा असेल तर दोन वेगळे गॉगल घ्यावेत: पहाटेसाठी सुरक्षा-चष्मा आणि उन्हासाठी यूव्ही ४०० तपासलेला श्रेणी ३ चा गॉगल.

निगा आणि सावधगिरी

धुळीने माखलेली काच टी-शर्टने पुसणे म्हणजे वाळूने घासणे. आधी वाहत्या पाण्याखाली धरावी, साध्या द्रवसाबणाचा थेंब लावून बोटाने हलके चोळावे आणि मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने टिपावे. नेलपॉलिश रिमूव्हर आणि डीईईटी असलेली डास पळवणारी मलमे प्लास्टिकची काच खराब करतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवला तर लेप सोलवटतो. काचेवर ओरखड्यांचे जाळे दिसू लागले, की समोरच्या उन्हात ती झगझगते. तेव्हा ती बदलावी.

डोळ्यात कण गेला तर चोळू नये. सायकल बाजूला घेऊन स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. टोचणे थांबले नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, कारण बुबुळात रुतलेला कण राहू दिल्यास जखम चिघळते. कोणत्याही गॉगलमधून, कितीही गडद असला तरी, सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे पाहू नये.

ठाणे-कल्याणच्या सायकलस्वाराने पैसे मोजण्याचा क्रम असा ठेवावा: आधी यूव्ही ४०० ची खात्री, मग पॉलिकार्बोनेटची काच, मग हेल्मेटसह नीट बसणारी चौकट, मग वेळेनुसार दोन काचा, आणि नाव सर्वांत शेवटी. आणि एकच काच घेणे शक्य असेल तर पहाटे-संध्याकाळी फिरणाऱ्याने ती पारदर्शक घ्यावी. ती दिवसाच्या कोणत्याही वेळी, कोणत्याही ऋतूत चालते आणि धुळीपासूनही डोळा वाचवते.